बनवणारे निघून गेल्यावर

मी शाळेत पोचले तेव्हा ती नेहमीसारखीच बसली होती. चाकांच्या खुर्चीला पुढून जोडलेला लाकडी ट्रे आणि त्यावर स्टँडला लावलेला टॅब. सेरेब्रल पाल्सीमुळे तिला बोलता येत नाही. शब्द मनात तयार असतात, पण जीभ साथ देत नाही. टॅबच्या पडद्यावर चित्रांच्या चौकटी असायच्या, चौकटीवर बोट टेकवलं की टॅब तो शब्द मोठ्याने म्हणायचा. बोट नेमक्या जागी नेणं हेसुद्धा तिला सोपं नाही. हात आधी भलतीकडे जातो, ती तो ओढून परत आणते, खांदा आवळते, श्वास रोखते आणि मग कुठे बोट टेकतं. त्या दिवशी चौकटींवर एक पांढरी खिडकी येऊन बसली होती. सदस्यत्वाची खातरजमा होऊ शकत नाही, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा, असं तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं. खिडकीच्या मागे चित्रं दिसत होती, फिकट, राखाडी. पाण्याच्या पेल्याचं चित्रही दिसत होतं. ती त्याच्यावर बोट टेकवायची आणि मान वर करून आमच्याकडे बघायची, आम्हाला ऐकू आलंच असणार अशा खात्रीने. मग पुन्हा तोच सगळा खटाटोप.

बाईंनी आधी नेट गेलं असेल म्हणून राऊटर बंद-चालू केला, मग टॅब. दुपारपर्यंत उलगडा झाला. ॲप बनवणारी कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली होती, जुनं ॲप गुंडाळलं होतं आणि सदस्यत्व तपासणारा सर्व्हर बंद केला होता. तशी ईमेलही आली होती, पण ज्या स्वयंसेवकाने कधीकाळी खातं उघडून दिलं होतं त्याच्या पत्त्यावर, आणि तो केव्हाच दुसरीकडे गेला होता. बाईंनी मुलीला पाणी पाजलं, तोंड पुसलं. डबा खाताना मला म्हणाल्या, "पाणी तर दिलं हो मी तिला. पण त्यानंतरही ती बोट टेकवतच होती. तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं. ते काय होतं, आता कुणाला कळणार?"

हे वाक्य तेव्हापासून मनातून हलत नाही.

त्या टॅबमध्ये नुसते तयार मिळालेले शब्द नव्हते. तिच्या आईने रोज रात्री थोडी थोडी भर घातली होती. चुलत भावंडांची टोपणनावं. "गोष्ट परत सांग." "मला नको." "थांबा, मी अजून बोलतेय." या शेवटच्या चौकटीबद्दल आईनेच मला सांगितलं होतं. घरात सगळे एकदम बोलायला लागले की हिची पाळी कधी येतच नसे, म्हणून ती चौकट केली. पहिल्या संध्याकाळी हिने ती इतक्या वेळा दाबली की आजोबासुद्धा बोलायचे थांबून ऐकत बसले. हे सगळं एका फायलीत साठवलेलं होतं. बॅकअपही होता, आईने तो जपून पेन ड्राइव्हवर ठेवला होता. मी तो लॅपटॉपवर उघडून पाहिला. साध्या मजकुराच्या खिडकीत प्रश्नचिन्हं, रिकामे चौकोन, तुटकी अक्षरं यांच्या रांगाच्या रांगा उतरल्या. त्यातच कुठेतरी "थांबा, मी अजून बोलतेय" होतं. फाइल शाबूत होती, एक अक्षरही हरवलं नव्हतं. फक्त ती वाचू शकणारं एकमेव ॲप आता उघडत नव्हतं.

मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे कुणालाही वापरता, तपासता, बदलता आणि पुढे देता येणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, चळवळीची जन्मकथा या क्षेत्रात वावरणाऱ्या सगळ्यांना पाठ असते. 1980च्या सुमारास एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या वेळी तिथले प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रोग्राममध्ये सोय करून ठेवली होती की कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप यावा, म्हणजे कुणीतरी उठून जाऊन तो सोडवेल. नव्या प्रिंटरसाठी तेच करायचं तर सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, हवा आणि तो मिळेना. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता. स्टॉलमन त्याला जाऊन भेटले, पण तो कुणालाही न देण्याच्या करारावर त्याने सही केलेली होती. पुढचं सर्वांना माहीत आहे. 27 सप्टेंबर 1983 रोजी ग्नू या मुक्त संगणकप्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा, 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन, 1989 मध्ये जीपीएल परवाना, म्हणजे कोड कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा, पण पुढे देताना तो तितकाच मोकळा ठेवावा, ही अट. ही कथा ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी तो अडकलेला कागद यायचा. आता त्या संशोधकाची सही येते. ज्यांना तो कधी भेटलाही नव्हता अशा सगळ्यांना मदत नाकारण्याचं वचन त्याने आधीच देऊन टाकलं होतं. स्टॉलमन यांना झोंबलं ते हेच.

समाजासाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये ही सही जवळजवळ रोज होते. कुणी वाईट हेतूने करत नाही. समोर मुलं असतात, रुग्ण असतात, काम आज व्हायला हवं असतं, कुणीतरी चांगल्या मनाने एखादं तयार सॉफ्टवेअर देऊ करतं आणि आपण "मला अटी मान्य आहेत" या बटणावर टिचकी मारतो. तिथे कुणीच विचारत नाही की हे बनवणारे उद्या नसतील तेव्हा ते कोण उघडू शकेल. मला तर आता वाटतं की समाजोपयोगी प्रकल्पात पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न हाच आहे. ते किती चांगलं चालतं, किती सुंदर दिसतं, हे नंतर.

अर्गस टू नावाचं एक यंत्र होतं. पूर्ण अंधत्व आलेल्या माणसांच्या डोळ्याच्या आत, दृष्टिपटलावर, 60 इलेक्ट्रोडची चकती बसवायची. चष्म्यावरचा कॅमेरा समोरचं टिपणार, अंगावर वागवायचं एक छोटं उपकरण त्याचे संकेत बनवणार आणि चकती ते डोळ्याच्या मज्जातंतूपर्यंत पोचवणार. दिसायचं ते प्रकाशाचे ठिपके आणि कडा एवढंच, पण दार कुठे आहे, समोर माणूस उभा आहे का, हे कळायचं. युरोपमध्ये 2011 मध्ये आणि अमेरिकेत 2013 मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी ते बसवून घेतलं. कंपनीने 2019 मध्ये ते बनवणं थांबवलं, 2020 मध्ये ती दिवाळखोरीच्या कडेला आली. ज्यांच्या डोळ्यांत ती चकती होती त्यांच्यामागे ना दुरुस्ती उरली ना सुटे भाग. 2022 मध्ये ही हकिकत प्रसिद्ध झाली तेव्हा मी ती एका बैठकीत वाचून संपवली आणि नंतर बराच वेळ काहीच करू शकले नाही. अंधुक का होईना, एकदा परत मिळालेली दृष्टी एखाद्या कंपनीच्या ताळेबंदाला बांधलेली असावी, हे मला आजही पचत नाही.

आणि कॅरन सँडलर. त्या वकील आहेत. हृदयाच्या स्नायूच्या आजारामुळे त्यांच्या शरीरात डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले तर हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, बसवावा लागला. त्यांनी उत्पादकांकडे त्या यंत्राचा सोर्स कोड मागितला. गुप्ततेच्या करारावर सही करायलाही त्या तयार होत्या, तरी कुणी दिला नाही. पुढे गरोदरपणात, अशा काळात अनेकींना होतं तसं, त्यांचं हृदय धडधडू लागलं आणि यंत्राने तो जिवावरचा धोका समजून त्यांना विजेचे झटके दिले. यंत्र बिघडलं नव्हतं. बनवणाऱ्यांनी ज्या रुग्णांचा विचार केला होता त्यांत गरोदर बाई बहुधा नव्हती, इतकंच. यंत्राला समजावण्याचा मार्ग नसल्यामुळे त्यांनी हृदयाचा वेग कमी ठेवणारी औषधं घेतली. स्वतःच्या छातीत चालणारा प्रोग्राम वाचायला मागणं ही काही तांत्रिक हौस नव्हे. बनवणारा कितीही हुशार आणि सज्जन असला तरी त्याच्या नजरेतून कुणीतरी सुटतंच, आणि जी सुटली तिला तिथे बोट ठेवून "हे इथे चुकतंय" असं म्हणता यायला हवं.

आमच्या शाळेत आम्ही आधी कागदाकडे गेलो. बाईंनी एका रात्रीत चौकटींची चित्रं छापली, लॅमिनेट केली आणि ट्रेवर चिकटपट्टीने बसवली. कागद बोलत नाही, पण बोट कुठे टेकलं हे दिसतं. शेजारी बसलेल्याने पाहिलं आणि मोठ्याने म्हटलं की झालं. नवा शब्द हवा असेल तर स्केचपेन पुरतो. मग सीबोर्ड नावाचं मुक्तस्रोत ॲप टाकलं. चित्रं घेतली आरासाक या संग्रहातून. स्पेनमधल्या अरागॉनच्या सरकारच्या मालकीचा तो संग्रह आहे, त्यात दहा हजारांहून अधिक चित्रचिन्हं आहेत आणि ती कुणालाही उतरवून घेता येतात, फक्त व्यापारी वापराला मनाई आहे. त्या मनाईमुळे काटेकोर व्याख्येनुसार ती मुक्त ठरत नाहीत आणि आमच्यातल्या एका मित्राने त्यावरून बराच वाद घातला. त्याचा मुद्दा मला पटतो. उद्या एखाद्या पालकाने असे फलक छापून देण्याचा छोटा धंदा सुरू केला तर त्याला ती चित्रं वापरता येणार नाहीत, आणि अशा छोट्या धंद्यांवरच अनेक चांगली कामं टिकून राहतात. तरीही मी ती चित्रं वापरली. बाईंनी आणि आईने मिळून जुन्या चौकटी आठवून आठवून पुन्हा भरल्या. बहुतेक आठवल्या. काही आठवल्या नसतील, पण त्या कुठल्या हे सांगता येईल अशी एकच व्यक्ती होती, आणि तिच्याकडे त्या सांगायला चौकट नव्हती.

भरून झाल्यावर मी तो फलक ओपन बोर्ड फॉरमॅटमध्ये, म्हणजे असे फलक साठवायच्या खुल्या पद्धतीत, निर्यात केला आणि फाइल साध्या मजकुराच्या खिडकीत उघडली. कंसांच्या आणि अवतरणचिन्हांच्या जंगलात, स्वच्छ देवनागरीत, "पाणी" लिहिलेलं होतं. त्याखाली "मला नको". ॲप असो वा नसो, कुणालाही वाचता येईल असं. मी आईला ते दाखवलं. तिने पडद्यावर बोट फिरवत सगळी यादी खालपर्यंत वाचली.

पण आवाज.

जुन्या ॲपचा आवाज गोड होता. लहान मुलीचा, अगदी खराखुरा वाटणारा. नव्या व्यवस्थेत आवाज ईस्पीक या, लिहिलेलं बोलून दाखवणाऱ्या मुक्त प्रोग्रामचा होता, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. पहिल्यांदा "आई" ऐकल्यावर मुलीने मान बाजूला वळवली. आई म्हणाली, "हिला तो आवाज परका वाटतोय." मला यावर काही बोलता आलं नाही, कारण ती बरोबर सांगत होती. मुक्त सॉफ्टवेअरबद्दल बोलणारे आम्ही लोक ही बाजू पटकन ओलांडून जातो. बंद वस्तू अनेकदा जास्त सुंदर असते, तिच्यावर जास्त माणसं, जास्त पैसा लागलेला असतो, आणि जिला तो आवाज दिवसभर स्वतःचा म्हणून वापरायचा आहे तिला सौंदर्य हा चैनीचा भाग नसतो. शेवटी आम्ही तिच्या मावसबहिणीचा आवाज घेतला. वयाने जवळची, बडबडी, खुशीने तयार झाली. शाळेच्या भांडारघरात गाद्यांच्या ढिगाऱ्याआड बसून तिने नेहमीचे शब्द आणि वाक्यं फोनवर रेकॉर्ड केली. "थांबा, मी अजून बोलतेय" तिने तीन वेगवेगळ्या सुरांत म्हटलं आणि आईने त्यातला सर्वांत हट्टी सूर निवडला. बाकीच्या हजारो शब्दांना मात्र ईस्पीकच आहे.

आणि या ईस्पीकबद्दल मला नंतर जे कळलं त्याने माझं त्या पत्र्याच्या आवाजाशी नातंच बदललं. जोनाथन डडिंग्टन या एका माणसाने तो प्रोग्राम मुळात 1995 च्या सुमारास, आता फारसे कुणाला आठवतही नसतील अशा संगणकांसाठी लिहायला घेतला. पुढे तो लिनक्सवर, विंडोजवर गेला, भाषा वाढत गेल्या. वेगवेगळ्या देशांतले लोक आपापल्या भाषेचे उच्चार तपासून सुधारणा पाठवायचे. 2015 मध्ये डडिंग्टन यांच्याशी संपर्क होईनासा झाला. प्रकल्प एकाच माणसाचा, आणि तो माणूस उत्तर देत नाही. बंद सॉफ्टवेअर असतं तर तिथेच संपलं असतं. पण जीपीएल परवाना होता, सोर्स कोड सगळ्यांपुढे होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये रीस डन आणि इतरांनी ईस्पीक एनजी या नावाने काम पुढे चालू केलं. कुणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण ती परवान्यात आधीच देऊन ठेवलेली होती. आज तो शंभराहून अधिक भाषा आणि बोलींच्या ढंगांत बोलतो, मराठीतही. तो बनवणारा बाजूला झाला आणि आवाज थांबला नाही. आमच्या मुलीच्या बाबतीत नेमकं याच्या उलट झालं होतं.

आमच्या टॅबवर तो "चमचा" मधला पहिला च "चाक" मधल्यासारखा न म्हणता "चिमणी" मधल्यासारखा म्हणायचा. मराठी कानाला ते लगेच खटकतं. मुलीला तर इतकं खटकलं की ती ती चौकट दाबून हसायला लागली. ईस्पीकमध्ये उच्चारांचे नियम आणि अपवादांचे शब्द साध्या मजकुराच्या फायलींत असतात. एका ओळीत शब्द, पुढे त्याचा उच्चार रोमन खुणांनी लिहिलेला. महाविद्यालयात शिकणारी एक स्वयंसेविका दोन संध्याकाळी त्या खुणा समजून घेत बसली, ओळ घातली, पुन्हा ऐकली, खूण बदलली, पुन्हा ऐकली. जमल्यावर तिने बाईंना हाक मारली आणि आम्ही सगळ्या एका चमच्याचा उच्चार ऐकायला टॅबभोवती उभ्या राहिलो. मग तिने च, ज, झ यांच्या अशा शब्दांची यादीच करायला घेतली आणि पहिला हप्ता मूळ प्रकल्पाकडे पाठवला. एकाने लगेच शंका विचारली, हे सगळ्या मराठी बोलींत असंच असतं का? खरंच चांगला प्रश्न होता. त्यावर तिचं काम अजून चालू आहे.

न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालयाचं असंच झालं होतं. त्यांची जुनी ग्रंथालय-प्रणाली 2000 साल ओलांडू शकणार नव्हती. 1999 मध्ये त्यांनी कातिपो या छोट्या कंपनीकडून नवी लिहून घेतली, कोहा नावाची, आणि जानेवारी 2000 मध्ये ती चालू झाली. त्यांनी ती जीपीएलखाली सगळ्यांना देऊन टाकली. उदारपणा तर होताच, पण त्यात व्यवहारही होता. एका लहान कंपनीच्या आयुष्यावर आपलं ग्रंथालय टांगून ठेवायचं नव्हतं. त्यानंतर जगभरातल्या ग्रंथालयांनी कोहा घेतली, वाढवली. पुढे एका व्यावसायिक कंपनीबरोबर नावावरून आणि संकेतस्थळाच्या पत्त्यावरून बेबनाव झाला, तेव्हा समुदायाने नवा पत्ता घेतला आणि काम तिकडे हलवलं. नावावर दावा सांगता येत होता, कोड कुणाला काढून घेता येत नव्हता. मला या हकिकतीतला सर्वांत आवडता भाग म्हणजे हे सगळं काही क्रांतिकारकांनी केलेलं नाही. पुस्तकं देणाऱ्या-घेणाऱ्या, कार्डं लावणाऱ्या, थकबाकीची पत्रं पाठवणाऱ्या माणसांनी ते केलं. आपल्या कामाचं साधन आपल्या हातात असावं एवढीच त्यांची इच्छा होती.

स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, बाबतीत तर गरज असलेल्यांनीच लिहायला घेतलं. ऑस्ट्रेलियातले मायकल करन आणि जेम्स टेह दोघेही अंध. लहानपणी अंध मुलांच्या संगीत शिबिरात भेटलेले. डोळस माणसाला संगणक मिळाला की पडदा वाचण्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, अंध माणसाला मात्र स्क्रीन रीडरसाठी कधीकधी संगणकापेक्षाही जास्त मोजावे लागायचे. 2006 मध्ये करन यांनी एनव्हीडीए हे मुक्त स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर लिहायला सुरुवात केली, टेह नंतर सामील झाले. आज ते 50हून अधिक भाषांत आहे आणि त्यात तोच ईस्पीकचा आवाजही आहे. समाजकार्यात लाभार्थी असा शब्द फार वापरला जातो. मला तो कधीच आवडला नाही. एनव्हीडीएच्या बाबतीत तो वापरताच येत नाही, कारण कोण देणारा आणि कोण घेणारा हे ठरवायचं कसं?

हा विचार कोडपुरता राहिलेला नाही, याचं मला फार अप्रूप आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या काही वनस्पती-पैदासकारांनी आणि त्यांच्या मित्रांनी बियाण्यांसाठी जीपीएलसारखा परवाना लिहायचा प्रयत्न केला. बियाण्यांवर पेटंट घेतली जात होती, शेतकऱ्याने आणि संशोधकाने पूर्वापार करत आलेली गोष्ट, म्हणजे बी राखणं आणि त्यातून नवं वाण काढणं, कायद्याच्या कुंपणात जात होती. पण कायदेशीर परवाना इतका लांबलचक झाला की तो बियाण्याच्या पाकिटावर मावेना. मग त्यांनी तो सोडला आणि काही ओळींची प्रतिज्ञा लिहिली. हे बियाणं हवं तसं वापरा, पण त्यावर किंवा त्यापासून काढलेल्या वाणांवर पेटंटने वा अन्य मार्गाने इतरांना अडवू नका, आणि दुसऱ्याला देताना ही प्रतिज्ञाही बरोबर द्या. एप्रिल 2014 मध्ये 14 पिकांची 36 वाणं या प्रतिज्ञेसह खुली झाली. न्यायालयात ती प्रतिज्ञा किती टिकेल यावर मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत. तरी एका पाकिटाच्या पाठीवर मावेल एवढ्या मजकुरात त्यांनी मोकळीक आणि जबाबदारी दोन्ही बसवल्या, याचा मला मनापासून आदर वाटतो.

मात्र नुसती मोकळीक देऊन भागत नाही, आणि हे मी या बाजूची असूनच सांगते. प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याचा तो मोठा जागतिक प्रकल्प आठवतो? 2005 मध्ये निकोलस निग्रोपॉन्टे यांनी जाहीर केलेला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर मुक्त सॉफ्टवेअर होतं आणि कळफलकावर चक्क एक कळ होती, जी दाबली की चालू असलेल्या प्रोग्रामचा सोर्स कोड दिसावा. मुलाच्या बोटाखाली अशी कळ ठेवावी असं ज्याला सुचलं त्याच्याबद्दल मला आजही प्रेम वाटतं. पण पेरूमधल्या 319 शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष 2012 मध्ये आले आणि गणित-भाषेच्या चाचण्यांत लॅपटॉपमुळे काही फरक पडलेला दिसला नाही. कळ होती, तिच्यामागचं जग उघडून दाखवणारं माणूस मुलाशेजारी नव्हतं. शिक्षकांना पुरेशी तयारी न देता वस्तू पोचवली की तिच्यातली मोकळीक तिच्या आतच राहते. आमच्याकडे "चमचा" सुधारला तो सोर्स कोड खुला होता म्हणून, हे खरंच. पण दोन संध्याकाळी त्या फायलीपुढे बसणारी मुलगी होती म्हणूनही.

आणि अशा बसणाऱ्यांची कुणी काळजी घेत नाही. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली तेव्हा जगाला कळलं की इंटरनेटवरचा मोठा व्यवहार ज्या मुक्त सॉफ्टवेअरच्या भरवशावर सुरक्षित मानला जातो, ते सांभाळायला पूर्णवेळ एखादंच माणूस होतं आणि त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत होत्या सुमारे 2,000 डॉलर. बड्या बड्या कंपन्या ते वापरत होत्या. समाजकार्यात तर हे आणखी खोलवर रुजलेलं आहे. नवं काही सुरू करायला निधी मिळतो, उद्घाटन होतं, छायाचित्रं निघतात. आहे ते चालू ठेवायला, जुन्या टॅबवर नवी आवृत्ती चालते का बघायला, नव्या आलेल्या शिक्षिकेला फलक कसा बदलायचा हे शिकवायला कुणी पैसे देत नाही. अर्जाच्या नमुन्यात तसा रकानाच नसतो. देणगीदारांशी बोलताना मी हे सांगते तेव्हा ते मान डोलावतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव मागतात. मला याचा राग येतो. तो मी आता लपवत नाही.

सध्या आमच्यासमोर एक पत्र आहे. एका देणगीदाराला शाळेतल्या सगळ्या न बोलणाऱ्या मुलांसाठी नवे टॅब द्यायचे आहेत, त्यावर एक नामांकित बंद ॲप, अतिशय गोड आवाजांचं. उत्तराचा मसुदा माझ्याकडे आहे. मी लिहिलंय: प्रत्येक मुलाचा शब्दसंग्रह खुल्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढता आला पाहिजे, आणि ते आम्ही टॅब घेण्याआधी करून बघू. नेट नसताना आणि सर्व्हर बंद पडल्यावरही ॲप बोललं पाहिजे. कंपनीने हे उत्पादन थांबवलं तर सोर्स कोड खुला करण्याची लेखी हमी हवी. आणि निधीचा एक भाग टॅबऐवजी माणसांवर, म्हणजे दोन शिक्षिकांच्या आणि त्या स्वयंसेविकेच्या वेळेवर, खर्च व्हावा.

बाईंना तिसरी अट नको आहे. त्या म्हणतात, कंपनी ती कधीच मान्य करणार नाही आणि तेवढ्यावरून टॅब अडले तर नव्या वर्गातली चार मुलं आणखी एक वर्ष गप्प बसतील. "तुमचं म्हणणं खरं आहे, पण ती चार मुलं माझ्यासमोर बसतात," असं म्हणाल्या, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. काल संध्याकाळी आम्ही पुन्हा त्यावरच बोलत बसलो. पहिली अट अजिबात सोडायची नाही, यावर दोघींचं एकमत आहे. तिसरी आता विनंती म्हणून लिहायची असं मी मान्य केलं, आणि बाईंनी मान्य केलं की टॅब आले तरी सीबोर्डवरचे फलक त्या दर महिन्याला अद्ययावत करून ठेवतील आणि कागदाचे तक्ते ट्रेवरून काढणार नाहीत. हेही त्या पत्रातच लिहा म्हणाल्या, म्हणजे पुढे शाळेत येणाऱ्या शिक्षिकेला कळेल की हे कुणाचं काम आहे. तो परिच्छेद मी आत्ता लिहून पूर्ण केला. सकाळी त्यांची सही घेऊन पत्र पाठवायचं आहे.